वर्गणीच्या खेळाची वाट पाहताना

गेल्या दिवाळीत लखनौला बहिणीच्या घरी जेवताना मी सहज बोलून गेलो की, एका नव्या ‘फँटसी’ खेळाची मी बरीच वर्षे वाट पाहतो आहे आणि तो पूर्ण स्वरूपात आला की दरमहा पैसे भरून खेळणार आहे. वाढण्यासाठी पुढे आलेला बहिणीचा हात तिथेच थांबला. ‘‘भैया, तुम्हीसुद्धा?’’ एवढेच ती म्हणाली. समोर बसलेल्या माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याने मान खाली घातली.

त्या प्रश्नामागचे कारण मला ठाऊक होते. आदल्या वर्षी या मुलाने शिकवणीच्या शुल्कासाठी दिलेले अठ्ठ्याऐंशी हजार रुपये क्रिकेटचे काल्पनिक संघ लावण्याच्या एका अ‍ॅपवर घालवले होते. सुरुवातीला दोन-तीनदा तो जिंकला, मग हरला, मग हरलेले भरून काढण्यासाठी खेळत राहिला. बहिणीने दोन बांगड्या गहाण ठेवून शिकवणीचे पैसे भरले. आपल्या देशातील लक्षावधी घरांत ‘फँटसी’ या शब्दाचा अर्थ आता एवढाच उरला आहे. परी, राक्षस, मंत्रभारित किल्ले यांच्याशी नाते असलेला हा शब्द आपल्याकडे पैजेचे दुसरे नाव बनला.

जेवणानंतर भाच्याने मला गच्चीवर गाठले आणि विचारले, ‘‘मामा, तुम्ही पैसे भरून खेळणार. मीही पैसे भरूनच खेळत होतो. मग फरक काय?’’ त्या रात्री दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रश्न मात्र एका घरापुरता नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडतो.

मी ज्याची वाट पाहतो आहे, त्या खेळाचे नाव ‘पॅन्थिऑन : राइज ऑफ द फॉलन’. अमेरिकेतील एक छोटा स्टुडिओ तो घडवतो आहे. २०१४ च्या आरंभी त्यासाठी लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न झाला, तो उद्दिष्ट गाठू शकला नाही. या खेळाची कल्पना मांडणारे ब्रॅड मॅक्वेड २०१९ मध्ये निवर्तले. तरीही काम चालू राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अपुऱ्या अवस्थेतील आवृत्ती खेळाडूंसाठी खुली झाली. खेळ पूर्णत्वाला गेल्यावर मासिक वर्गणी आकारण्याचा मनोदय निर्मात्यांनी सांगितलेला आहे.

या प्रकाराशी अपरिचित वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अशा खेळात शेकडो, हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक प्रदेशात वावरतात. प्रत्येकाने एक पात्र धारण केलेले असते. कोणी ढाल घेऊन पुढे उभा राहणारा योद्धा, कोणी जखमा भरून काढणारा उपचारक, कोणी दूरून अग्नी फेकणारा मांत्रिक. प्रत्येकाची शक्ती मर्यादित असल्यामुळे अवघड गुहेत शिरायचे तर पाच-सहा अनोळखी माणसांना एकत्र यावे लागते आणि एकमेकांच्या चुका सोसाव्या लागतात. पात्राची वाढ आठवड्यांत, महिन्यांत मोजली जाते. खेळाला शेवट नसतो, आणि शेवटी हाती पडणारी रक्कमही नसते.

या परंपरेचा इतिहास वर्गणीशी जोडलेला आहे. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, मॅक्वेड यांचा ज्यात मोठा वाटा होता तो १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे तिन्ही खेळ मासिक शुल्कावर उभे राहिले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर पोहोचले होते. त्याचे अमेरिकेतील शुल्क आरंभी महिन्याला १४.९९ डॉलर होते आणि दोन दशकांनंतरही तेवढेच राहिले. महागाईच्या काळात इतकी स्थिर राहिलेली किंमत शोधूनही सापडणे कठीण.

नंतर काळ बदलला. २०१४ मध्ये वर्गणी घेऊन आलेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने वर्षभरातच सक्तीचे शुल्क सोडून दिले. त्याच वर्षीचा ‘वाइल्डस्टार’ २०१५ मध्ये मोफत झाला आणि २०१८ मध्ये बंद पडला. ‘मोफत या, आत आल्यावर पाहू’ ही पद्धत रूढ झाली. फोनवरचे बहुतेक खेळ आज तिच्यावर चालतात. त्यात बहुसंख्य खेळाडू काहीच देत नाहीत आणि थोडे लोक फार देतात. खेळाची रचना मग त्या थोड्यांकडे पाहून होते. मुद्दाम कंटाळवाणा केलेला टप्पा, तो ओलांडण्यासाठी विकत मिळणारी सवलत, आणि आत काय आहे हे न सांगता विकली जाणारी बंद पेटी ही तिची नेहमीची साधने आहेत. अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणले.

भाच्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. खेळणाऱ्याने पैसे दिले की नाही, यावरून फारसे काही कळत नाही. पैसे कशासाठी दिले आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचे हित कुठे जुळते, हे पाहावे लागते. वाचनालयाची वर्गणी भरणारा माणूस पैसे दुप्पट होतील या आशेने ती भरत नाही, आणि चांगली पुस्तके ठेवली नाहीत तर वर्गणीदार निघून जाईल, हे वाचनालयाला ठाऊक असते. पैजेच्या अ‍ॅपचे तसे नसते. त्यावर खेळणाऱ्यांनी मिळून लावलेल्या रकमेतून चालकाचा वाटा आधीच निघतो, उरलेले पैसे खेळणाऱ्यांमध्ये फिरतात. एकूण हिशेबात खेळणारे हरतातच. माझ्या भाच्याचे कौशल्य कमी पडले असेल, पण ते कमी पडले नसते तर दुसऱ्या कोणाच्या भाच्याचे कमी पडले असते.

नव्या कायद्याने हा भेद बऱ्याच अंशी नेमका ओळखला आहे. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींच्या संमतीपर्यंत, असा त्याचा प्रवास तीन दिवसांत पूर्ण झाला. एवढ्या दूरगामी विधेयकावर पुरेशी चर्चा झाली नाही, ही तक्रार रास्त आहे. सट्टा आणि जुगार हा राज्यसूचीतील विषय असताना केंद्राने हा कायदा करावा का, हाही गंभीर घटनात्मक प्रश्न आहे. उच्च न्यायालयांत दाखल झालेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतली आहेत. कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरला. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही, आणि ते योग्यच झाले.

या कायद्यातील एक व्याख्या चर्चेत फारशी आली नाही. ‘ऑनलाइन सामाजिक खेळ’ या वर्गात वर्गणी किंवा एकदाच भरायचे प्रवेशशुल्क घेण्यास मुभा आहे. ती रक्कम पणाच्या किंवा पैजेच्या स्वरूपाची नसावी, एवढीच अट आहे. म्हणजे मी ज्या खेळाची वाट पाहतो आहे, त्या प्रकारच्या खेळाला भारतीय कायद्याने नाव घेऊन जागा दिली आहे. बहिणीच्या ‘तुम्हीसुद्धा?’ला संसदेनेच उत्तर देऊन ठेवले होते, ते तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते इतकेच.

प्रश्न त्यापुढे सुरू होतात. बंदी घालणे हे धोरणाचे अर्धे काम असते. ज्या वेळात आणि ज्या ओढीने ही मुले पैजेकडे गेली, त्या वेळेला आणि ओढीला दुसरे काय मिळणार आहे, याचा विचार उरलेल्या अर्ध्यात येतो. या बाबतीत मला चार मुद्दे महत्त्वाचे वाटतात.

पहिला मुद्दा बंद पेट्यांचा. नव्या कायद्यात ‘पण’ या संकल्पनेत पैशात रूपांतरित होऊ शकणारी नाणी आणि वस्तू यांचाही समावेश आहे. पण ज्या पेटीतून निघालेली वस्तू अधिकृतपणे विकता येत नाही, तिचे काय? आणि जी वस्तू खेळात केवळ शोभेची आहे, परंतु बाहेरच्या बाजारात खऱ्या रुपयांना जाते, तिचे काय? काल्पनिक जगांतील सोन्याचा असा चोरटा बाजार जुना आहे आणि वर्गणीचे खेळही त्यापासून मुक्त राहिलेले नाहीत. प्रामाणिक निर्मात्याला आपण कुठे उभे आहोत हे आधी कळायला हवे, आणि पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे विकत घेणाऱ्याला छापील स्वरूपात दिसायला हवे.

दुसरा मुद्दा वर्गणीच्याच दोषांचा. मी तिचा पक्ष घेत असलो तरी ती निष्पाप नाही. वर्गणीदार महिनोन्महिने टिकला की निर्मात्याचा लाभ होतो, त्यामुळे त्याला गुंतवून ठेवण्याचा मोह येथेही असतोच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ऐन भरात परीक्षा, नोकऱ्या आणि संसार यांची हेळसांड केलेली माणसे मी पाहिली आहेत. मीही काही काळ त्यांच्यातला एक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरावरील उपचारांसाठी २०१४ पासून स्वतंत्र दवाखाना चालतो. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. घराघरांत घड्याळ घेऊन शासन बसावे, असे मला वाटत नाही. पण वर्गणीचा खेळ चालवणाऱ्याने खेळाडूला त्याचे महिन्याचे तास स्पष्ट दाखवावेत आणि पालकांच्या हाती वेळेची मर्यादा द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वर्गणी न कळत चालू राहणे हा तिचा दुसरा दोष. याबाबतीत भारताने, फारसा गाजावाजा न करता, चांगले काम केले आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. नियम लागू झाला तेव्हा एका परदेशी सेवेची माझी वर्गणी अचानक बंद पडली आणि मी चिडलो होतो. आज मात्र दर महिन्याला येणारा तो संदेश मला मोलाचा वाटतो, कारण ‘हे मला अजून हवे आहे का?’ हा प्रश्न तो वर्षातून बारा वेळा विचारतो. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वर्गणीचा सापळा हा एक प्रकार नाव घेऊन नमूद आहे. सामील होणे एका बोटाचे काम असेल तर बाहेर पडणेही तसेच असावे. हा नियम खेळांना लागू करून दाखवणे, एवढेच आता उरले आहे.

तिसरा मुद्दा जग बंद होण्याचा. असा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर जगतो. सर्व्हर बंद झाला की वर्षानुवर्षे घडवलेले पात्र, जोडलेली माणसे, सारेच नाहीसे होते. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ मार्च २०२४ अखेर बंद झाला. तो एकरकमी किंमत मोजून घेतलेला असूनही खेळणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. त्या संतापातून युरोपात उभ्या राहिलेल्या नागरिक-याचिकेने २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात डिजिटल वस्तू ‘विकत’ देताना ग्राहकाला प्रत्यक्षात केवळ वापराचा परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले. याउलट उदाहरणही आहे. ‘फायनल फँटसी चौदा’ २०१० मध्ये अत्यंत सदोष अवस्थेत आला, तेव्हा कंपनीने माफी मागितली, वर्गणी घेणे थांबवले, काम नव्या माणसांवर सोपवले आणि २०१३ मध्ये तो खेळ जवळजवळ नव्याने उभा केला. दर महिन्याला पुन्हा विश्वास मिळवावा लागतो म्हणूनच हे घडले, असे मला वाटते. भारतात वर्गणी घेणाऱ्या प्रत्येक खेळाने बंद होण्याआधी ठरावीक मुदतीची सूचना द्यावी आणि आगाऊ घेतलेली रक्कम परत करावी, एवढी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्याच्या चौकटीत अवघड नाही. अपुऱ्या अवस्थेत विकल्या जाणाऱ्या खेळांवर तसे ठळकपणे लिहिलेले असावे, हेही त्यातच आले. दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहणाऱ्या माझ्यासारख्याला आशा आणि वस्तू यांतला फरक कोणीतरी अधूनमधून सांगायला हवा.

चौथा मुद्दा किमतीचा आणि अंतराचा. पंधरा डॉलर म्हणजे तेराशे रुपयांच्या आसपास. अमेरिकेत ते एका साध्या जेवणाचे पैसे आहेत, माझ्या भाच्यासाठी ती खोलीच्या भाड्यातील मोठी रक्कम आहे. चित्रपट-मालिका पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांनी हे ओळखले. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये फक्त फोनसाठी १९९ रुपयांची योजना आणली आणि दोन वर्षांनी ती १४९ वर नेली. वर्गणीच्या मोठ्या खेळांनी ही वाट अद्याप धरलेली नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ किंवा ‘फायनल फँटसी चौदा’ यांचे सर्व्हर भारतात नाहीत. लखनौच्या मुलाने तलवार उगारली की तो आदेश समुद्राखालच्या तारांतून परदेशी जाऊन परत येतो, तोवर समोरच्या राक्षसाने घाव घातलेला असतो. सोबतीला माणसे मिळतात तीही तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या मध्यरात्री किंवा पहाटे. झोपमोडीचे निम्मे कारण खेळात नसून नकाशात आहे.

मग हे जग आपण स्वतःच का घडवत नाही? ज्या शहरात ही गच्चीवरची चर्चा झाली, त्याच लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ‘दास्तान-ए-अमीर हमज़ा’चे शेहेचाळीस खंड छापले. त्यांतील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ म्हणजे जादूने बांधलेला एक अख्खा प्रदेश. त्यात जादूगार आहेत, योद्धे आहेत, आणि वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरणारे ऐयार आहेत. म्हणजे प्रत्येक पात्राचे ठरलेले कौशल्य आणि एकट्याला न भेदता येणारा किल्ला, ही रचना आपल्याकडे तयारच होती. पुढे बनारसचे देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता’ लिहिली, आणि ती वाचण्यासाठी लोक हिंदी शिकल्याचे आजही सांगितले जाते. त्यांच्या पुढच्या कथा वाचक खंडामागून खंड मिळवून, पुढच्याची वाट पाहत वाचत. वर्गणी आणि प्रतीक्षा या दोन्हींची आपल्याला सवय होती.

कसबही आहे. पुण्यातील एका लहान चमूने घडवलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये जगभर पोहोचला, आणि त्याआधी लोकनिधीचा त्यांचाही प्रयत्न फसला होता. तो एकट्याने खेळायचा, काही तासांत संपणारा खेळ आहे. हजारो लोकांचे जग वर्षानुवर्षे जिवंत ठेवायला निराळ्या प्रकारचे भांडवल लागते, सहा महिन्यांत परतावा न मागणारे. २०२२ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कृतिदलाची घोषणा झाली, मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहते आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु गेल्या दशकात भारतीय खेळउद्योगाकडे आलेला पैसा प्रामुख्याने पैजेच्या अ‍ॅपकडे गेला, कारण परतावा तिथे लवकर दिसत होता. ती वाट आता कायद्याने बंद झाली आहे. मोकळा झालेला हा पैसा आणि ही बुद्धी पुढे कुठे वळेल, हे येत्या दोन-तीन वर्षांत ठरेल. देशात सर्व्हर उभारणाऱ्यांना सवलत, छोट्या वर्गणीवर हलका कर आणि भारतीय भाषांतील खेळांना दीर्घ मुदतीचे अर्थसाहाय्य, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्याऐवजी सगळ्याच खेळांकडे संशयाने पाहण्याची सवय लागली, तर चांगले खेळ येणार नाहीत, आणि पैज मात्र परदेशी संकेतस्थळांवरून चोरवाटेने परत येईल.

हे सारे मी भाच्याला त्या रात्री सांगू शकलो नव्हतो. नंतर फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि शेवटी विचारले, ‘‘मामा, त्या खेळात हरलो तर काय जाते?’’ मी म्हटले, ‘‘संध्याकाळचा थोडा वेळ जातो, आणि सोबतचे लोक पुन्हा उठून उभे राहण्याची वाट पाहतात.’’ त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही.

परवा त्याचा संदेश आला. शिकवणी नियमित चालू आहे. बहिणीच्या एका बांगडीचे पैसे फेडून झाले आहेत, दुसरीचे मार्चपर्यंत होतील. खाली एक ओळ होती : खेळ आला की पहिल्या महिन्याची वर्गणी तो स्वतःच्या शिकवण्यांच्या कमाईतून भरणार आहे, पात्र उपचारकाचे घेणार आहे, आणि हे आधी आईला सांगून मगच मला कळवतो आहे.